ब्रेक ऑइलचा वास

वासूमामा नाकावर माशी बसू देत नसे, आणि त्याला तसं कारणही होतं. महागड्या गाड्यांच्या त्या वर्कशॉपमध्ये भिंतीवर टांगलेल्या सगळ्या प्रमाणपत्रांपेक्षा त्याच्या नाकाला जास्त मान होता. गाडीतल्या कुठल्याही ऑइलचं झाकण उघडायचं, डोळे मिटून एक श्वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा. हे करपलंय. यात कूलंट उतरलंय. याने पाणी धरलंय. वास घेऊन सांगतो म्हणून वासू, आणि काउंटरवर बसणारी मुलगी त्याची सख्खी भाची, ती मामा म्हणते म्हणून तो सगळ्या वर्कशॉपचाच मामा. खरं नाव पगारपत्रकावर काय ते असेल. कॉम्प्युटरच्या रिपोर्टशी तावातावाने भांडणारी गिऱ्हाइकं मामाने नाक वर करून मान हलवली की मुकाट्याने सही करत. माणसांचं काही सांगता येत नाही.

तर हे नाक गेलं होतं. म्हणजे चेहऱ्यावर होतं, जागच्या जागी होतं, पण आत काही पोचत नव्हतं. मागे एकदा ताप आला, आठवडाभर अंथरुणात काढला, उठला तेव्हा चहाला वास नव्हता. साबणाला नव्हता, पेट्रोलला नव्हता. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, काहींना उशीर लागतो. मामा रोज सकाळी उठल्याबरोबर उशीत तोंड खुपसून बघायचा आणि रोज निराश होऊन उठायचा. आज येईल, उद्या येईल, मग कशाला कुणाला सांगा, असं करता करता सांगायचंच राहून गेलं. आता सांगायचं तर इतके दिवस काय केलंत, हा प्रश्न आलाच.

घरी बायकोला तेवढं ठाऊक होतं. तिच्यापासून लपणार काय? एकदा दूध उतू जाऊन भांडं काळं होईपर्यंत हा शेजारी पेपर वाचत बसलेला तिने पाहिला होता. हल्ली ती लेकीच्या बाळंतपणासाठी लेकीकडे गेली होती आणि तिकडून रोज दुपारी न चुकता फोन करायची. ख्यालीखुशालीचा फोन नव्हे, एकच प्रश्न. गॅसचा कॉक बंद केलात का? आणि मग कितीही आठवलं तरी मामाला तो बंद केल्याची खात्री वाटायची नाही. उरलेला दिवस त्याच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघर असायचं.

वर्कशॉपमध्ये मात्र त्याने उसनं अवसान आणून सगळं निभावलं होतं. वास घ्यायचा आव आणायचा आणि निकाल दुसऱ्याच कशावरून तरी द्यायचा. रंगावरून, बोटांवर चोळून, नाहीतर मागच्या सर्व्हिसिंगची तारीख गुपचूप वाचून. निकाल बहुतेक बरोबर यायचे. अनुभव काही नाकातच नसतो, असं तो स्वतःला सांगायचा, आणि सांगताना स्वतःलाच ते पटायचं नाही.

खरी पंचाईत त्या दोन जारांची होती. बाकीचे कारागीर सीलबंद बाटली फोडून थेट गाडीत ओतत. मामाची पद्धत वेगळी, जुनी. मोठ्या कॅनमधून हवं तेवढं प्लास्टिकच्या पांढऱ्या जारमध्ये काढायचं आणि जार ट्रॉलीवर ठेवून काम करायचं. एका जारमध्ये ब्रेक ऑइल. दुसऱ्यात हायड्रॉलिक तेल, चाकांवरची उंची आपोआप कमीजास्त करणाऱ्या गाड्यांना लागतं ते. दोन्ही पातळ, दोन्ही मधाच्या रंगाची, दोन्ही जार सारखे. वर्कशॉपच्या साहेबांनी पूर्वी एकदा चिठ्ठ्या लावा म्हणून सांगितलं होतं, तेव्हा मामा सगळ्यांसमोर म्हणाला होता, चिठ्ठ्या लावाव्यात नाक नसलेल्यांनी. लोक हसले होते, साहेबही हसले होते. आता चिठ्ठी लावायची तर ते वाक्य आधी गिळायला हवं होतं. म्हणून त्याने मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. ब्रेकचा जार उजवीकडे, दुसरा डावीकडे, आणि त्यात कधीही बदल करायचा नाही.

त्या दिवशी सकाळी दातांची डॉक्टरीणबाई आली. गाडी पांढरीशुभ्र, नीट राखलेली. दुपारी म्हातारी आई आणि दोन मुलं घेऊन तिला घाट चढून वर थंड हवेला जायचं होतं. भाचीने तिच्यापुढे खर्चाचा अंदाज ठेवला: ब्रेक ऑइल, कूलंट, गिअरबॉक्सचं ऑइल. शिवाय कंपनीची वॉरंटी याच महिन्यात संपत होती, तेव्हा वाढीव वॉरंटी घेऊन टाकावी, असंही सुचवलं. बाईने चष्मा वर करून तो कागद वाचला आणि हसली.

"मीही पेशंटना हेच सांगते," ती म्हणाली. "आत्ता दाढ भरली नाही तर पुढे रूट कॅनल करावं लागेल. त्यामुळे हे बोलणं माझ्या ओळखीचं आहे."

भाचीही हसली. तिने मामाला हाक मारली. मामा हात पुसत आला, वाटेत बॉनेटखालच्या स्टिकरवरची तारीख त्याने वाचून घेतली होती. ऑइल बदलायची मुदत केव्हाच उलटून गेली होती. त्याने ब्रेकच्या टाकीत काडी बुडवली, नाकाशी धरली, डोळे मिटले आणि म्हणाला, की याने पाणी धरलंय, या ब्रेकवर मी माझ्या बायकोला घाटात पाठवणार नाही. खोटं बोलला असं म्हणता येणार नाही. पण काडीला वास नव्हता, आणि बाई त्याच्या नाकाकडे विश्वासाने बघत होती. तिने सगळ्या कामांना होकार दिला, वाढीव वॉरंटीही घेतली. भाचीने काचेआडून मामाकडे बघून हळूच अंगठा दाखवला.

दुपारी काम ऐन रंगात असताना बायकोचा फोन आला. मामाने जुनं ऑइल काढून टाकी पुसून घेतली होती, जार हातात होता. जार खाली ठेवून त्याने फोन घेतला. गॅसचा कॉक? केला, केला. नक्की ना? नक्की. बायको म्हणाली, लेकीच्या पोटात कळा सुरू झाल्यासारख्या वाटतायत, बघू, कळवते. फोन ठेवला तेव्हा मामाच्या डोक्यात लेक होती, गॅस होता, आणि हाताने आपोआप जार उचलला. ओतलं, चारही चाकांकडून हवा काढली, पेडल दाबून पाहिलं. पेडल चांगलं कडक होतं. तासाभराने आई-मुलांसकट आलेली डॉक्टरीणबाई गाडी घेऊन गेली. मागच्या खिडकीतून तिच्या आईने मामाला हात केला.

संध्याकाळी जार धुवायची वेळ झाली. उघडं राहिलेलं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून उरलेलं ठेवायचं नाही, जळक्या तेलाच्या पिंपात ओतून टाकायचं, असा त्याचाच नियम. डावा जार उचलून त्याने पालथा केला, उजवा उचलून पालथा केला, आणि मग त्याचे हात थबकले. उजवा उचलताना जड लागला होता. बराच जड. ब्रेकचा जार जवळजवळ रिकामा असायला हवा होता, आणि रिकामा होता तो डावा.

फोन घेताना जार खाली ठेवला तो कुठे ठेवला? उचलला तो कुठला? काम झाल्यावर परत ठेवताना जागा बदलली असेल, तर सगळं ठीक. जागा बदलली नसेल, तर डॉक्टरीणबाईच्या ब्रेकमध्ये हायड्रॉलिक तेल गेलं होतं. तसं तेल गेलं की ब्रेकच्या आतली रबरी सीलं फुगतात. आधी काहीच कळत नाही, गाडी गुणी बाळासारखी चालते. मग ब्रेक धरून ठेवतो, तापतो, आणि कधीतरी पेडल सरळ खाली जातं. कधी जाईल ते सांगता येत नाही. आणि गाडी तर घाटाकडे निघालेली होती.

त्याने पिंपात डोकावून पाहिलं. आत सगळ्या तेलांचा काळा काला झाला होता. जारही निथळून गेले होते. उरली होती ती फक्त चिंधी, ऑइल भरल्यावर टाकीचं तोंड जिने पुसलं होतं ती. ती खिशात होती. त्याने ती काढली आणि नाकाशी धरली, आणि इतक्या जोरात श्वास घेतला की छातीत कळ आली. काही नाही. एके काळी याच चिंधीवरून त्याने ऑइल कुठल्या कंपनीचं तेसुद्धा सांगितलं असतं.

क्षणभर त्याला वाटलं, गप्प बसावं. जागा बदलली असेलच. शिवाय वाढीव वॉरंटी आहे, ब्रेकचं काही झालंच तर कंपनी बघून घेईल. पण भाची रोज गिऱ्हाइकांना वाचून दाखवायची ती अट त्याला पाठ होती: चुकीचं ऑइल घातलं गेल्यास वॉरंटी लागू नाही. आणि लागू असती तरी काय? वॉरंटीत भाग बदलून मिळतात. खिडकीतून हात करणारी म्हातारी बदलून मिळत नाही. मामा काउंटरकडे चालू लागला.

भाची कॉम्प्युटर बंद करत होती. लोकांसमोर ती त्याला अहोजाहो करायची, एकटे असले की अरेतुरे. मामाने चिंधी तिच्यापुढे धरली.

"हिचा वास घे. कशाचा आहे ते सांग."

ती हसली. तिला वाटलं, मामा परीक्षा घेतोय. लहानपणी तो डोळे बांधून तिच्या नाकाशी एकेक डबी धरायचा आणि ओळखलं की खाऊ द्यायचा. मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू मावळलं.

"तूच घे ना, मामा."

"मला येत नाही," मामा म्हणाला. "तापापासून येत नाही."

आणि मग त्याने भराभर सगळं सांगून टाकलं, जार, फोन, उजवं, डावं. सांगताना तो सारखा मागे वळून बघत होता, कुणी ऐकत तर नाही ना. भाचीने हात पुढे केला. चिंधी घेतली, नाकाशी नेली, तिथेच जरा वेळ धरली. याच वर्कशॉपमध्ये ती वाढली होती म्हणा ना, तिला या दोन वासांतला फरक झोपेतही कळला असता. तिने चिंधी खाली ठेवली.

"ब्रेक ऑइलच आहे, मामा. उगाच जिवाला घोर लावून घेतलास. जा आता, हात धू आणि घरी जा. मावशीचा, म्हणजे मामीचा फोन येईल."

मामाला रडू यायचंच बाकी होतं. इतकं हलकं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. उद्यापासून चिठ्ठ्या लावायच्या, लोक हसले तर हसू देत, असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं. मामीला मावशी म्हणाली पोरगी, दमली असेल, असं म्हणत तो बेसिनपाशी आला आणि नळाखाली हात धरले.

पाणी हातावर ठरेना. बोटांच्या ज्या टोकांत त्याने चिंधी धरली होती तिथे त्याचे थेंब गोळा होत आणि घरंगळून जात. त्याने बोटं एकमेकांवर घासली. बुळबुळ तशीच. ब्रेक ऑइल पाण्याने धुतलं जातं, साबणही लागत नाही. पाण्याला नाही म्हणतं ते तेल. ही गोष्ट वर्कशॉपमध्ये नव्याने आलेल्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात, मामानेच कित्येकांना शिकवली होती. पण आयुष्यभर नाकावर विसंबलेल्या माणसाला ऐन वेळी नाकच आठवलं. तो नळ तसाच वाहता ठेवून बोटांकडे बघत राहिला. भाची खोटं बोलली होती.

तो धावत परत आला तेव्हा काउंटरवर कुणी नव्हतं. साहेबांच्या काचेच्या केबिनमध्ये दिवा होता आणि भाची उभ्या उभ्या फोनवर बोलत होती. दार अर्धवट उघडं होतं. पलीकडून कुणी उचलत नसावं, कारण ती पुन्हा पुन्हा नंबर लावत होती, आणि तिचा दुसरा हात ओढणीचं टोक पिळत होता. साहेब टेबलाशी टेकून उभे होते. मामा दाराबाहेर खिळल्यासारखा झाला. फोनची ती रिंग त्याला काचेबाहेरून ऐकू येत नव्हती, तरी प्रत्येक रिंगबरोबर त्याला घाटातलं एकेक वळण दिसत होतं.

अखेर फोन लागला. भाचीचा आवाज एकदम काउंटरवरचा झाला, गोड, स्वच्छ. मॅडम, कुठे आहात आपण? पुढे जाऊ नका, गाडी आहे तिथेच उभी करा, आमच्याकडून ऑइलमध्ये चूक झाली आहे. मग ती बराच वेळ ऐकत राहिली. डॉक्टरीणबाई घाटाच्या पायथ्याशी पेट्रोल पंपावर होती, मुलांना भूक लागली म्हणून थांबलेली. ब्रेक दाबल्यावर सुटायला वेळ लागतोय असं तिला मघापासून वाटत होतं. पण आत्ताच तर काम करून घेतलंय, आपलाच भ्रम असेल, म्हणून तिने मनावर घेतलं नव्हतं. ती रागावली, मग घाबरली, मग पुन्हा रागावली. भाचीने माफी मागितली, तिला न्यायला दुसरी गाडी पाठवते म्हणाली, तिची गाडी उचलून आणायला कॅरियर पाठवते म्हणाली. फोन ठेवला आणि खुर्चीत बसली. मामाने कपाळ काचेला टेकवलं. माणसं वाचली होती, बाकी काय व्हायचं ते होवो.

तेवढ्यात साहेबांनी विचारलं, की हे झालं कसं, मामाच्या हातून अशी चूक होणं शक्य नाही.

"मामाची चूक नाहीये, सर," भाची म्हणाली. "मॅडमना घाई होती. मी मधे पडून जार उचलून दिला. मामा फोनवर होते. माझ्याकडून उलटापालट झाली."

साहेबांचा चेहरा कठीण झाला. काउंटरच्या माणसाने कामाच्या जागी जाऊन ऑइलला हात लावणं, ही चूक तिथे माफ होत नसे. याआधी एकाला त्याच दिवशी घरी बसवलं होतं. हे भाचीला माहीत होतं, आणि ठाऊक असूनच ती बोलली होती. मामाने दार ढकललं.

तो आत येऊन सरळ सांगू लागला, की पोरगी खोटं बोलतेय, जार मीच उचलला, मला वास येत नाही, तापापासून येत नाही. भाची नको नको म्हणत त्याचा हात मागे ओढत होती. साहेबांनी दोघांकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडावर समजूतदार माणसाचं ते हसू आलं, जे मामाला रागापेक्षा वाईट वाटलं.

"मामा," ते म्हणाले, "भाचीसाठी तुम्ही हे करणार हे मला ठाऊकच होतं. पण निदान पटेल असं काहीतरी सांगा. तुमचं नाक आणि वास येत नाही? सकाळीच तर त्या बाईंना काडी हुंगून सांगितलंत."

डोळे नसले तर माणूस भिंतीवर आपटतो, कान नसले तर हाक मारल्यावर वळत नाही. वास येत नाही हे कुणाला कसं दाखवायचं? साहेबांनी समोर बाटल्या ठेवल्या असत्या आणि मामाने ओळखल्या नसत्या, तरी सोंग म्हणूनच ते धरलं गेलं असतं. लपवायला इतका खटाटोप केला होता, की आता उघडं करायला जागा उरली नव्हती. पोरीची नोकरी त्याच्या डोळ्यांदेखत जात होती, आणि ती त्याच्याच मोठेपणापायी जात होती.

तो वळला आणि बाहेर गेला. साहेबांना वाटलं, रागावून गेला. पण तो आपल्या कपाटापाशी गेला आणि जेवणाचा डबा घेऊन आला. बायको गेल्यापासून तो स्वतःच रांधायचा, एकदा केलं की दोन-चार दिवस तेच पुरवायचा. हल्ली दुपारी तो जेवायला बसला की बाकड्यावरची माणसं काहीतरी निमित्त काढून उठायची. त्याला वाटायचं, कामाची घाई असेल. आज पहिल्यांदाच त्याच्या मनात वेगळं काही आलं होतं, आणि ते खरं निघावं असं त्याला वाटत होतं. खरं निघू नये असंही वाटत होतं. त्याने डबा टेबलावर ठेवून झाकण काढलं. आत अंड्याचा रस्सा होता, निम्मा संपलेला.

साहेबांची खुर्ची कर्रकन मागे गेली. त्यांनी बाहीत नाक खुपसलं आणि दुसऱ्या हाताने खिडकी शोधू लागले. भाचीने ओढणी तोंडावर दाबून धरली. तिचे डोळे भरून आले होते, ते कशाने हे सांगणं कठीण होतं. मामा डब्यावर वाकून उभा होता आणि एकदा साहेबांच्या, एकदा तिच्या तोंडाकडे बघत होता.

"निम्मा मी दुपारी खाल्लाय," तो म्हणाला. "फार वाईट येतोय का?"

"झाक ते, मामा," भाची ओढणीतून म्हणाली.

त्याने झाकण लावलं. खिडकी उघडल्यावर साहेब बराच वेळ बाहेर तोंड करून उभे राहिले. मामाला वाटलं, आता ते ओरडतील, आता नोकरीवरून काढतील, आणि त्याची तयारी होती. पोरगी सुटली, एवढं त्याला पुरेसं होतं. पण साहेब वळले तेव्हा त्यांच्या तोंडावर राग नव्हता. त्यांचा रंग उडाला होता.

"मामा," त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "तुम्हाला ताप आला त्यानंतर तुमच्या हाताखालून किती गाड्या गेल्या?"

मामाने आठवायचा प्रयत्न केला. काळी लांब गाडी, बँकेतल्या साहेबांची. करडी, ज्यांच्याकडे जुळी होती त्यांची. निळी, एका म्हाताऱ्या जोडप्याची, दर रविवारी लांब फिरायला जाणारी. प्रत्येक वेळी उजवा जारच उचलला होता, त्याला खात्री होती. गॅसचा कॉक बंद केल्याची असायची तेवढीच. भाचीने फोन पुन्हा जवळ ओढला आणि ती पहिला नंबर शोधू लागली.